निलंबन, जीप गाडीचे : मागील उंचीतील तफावत

जीप किंवा तत्सम गाडी रिकामी व सपाट जमिनीवर उभी असताना तिचा मागील भाग एका बाजूस झुकलेला दिसणे, हे निलंबनातील बिघाडाचे लक्षण होय. सांगाड्याचा भार पेलून चाकांना बसणारे धक्के सौम्य करणाऱ्या योजनेस निलंबन म्हणतात. झुकावाचे मूळ पुष्कळदा झुकलेल्या कोपऱ्यात नसतेच. म्हणून निदान मापनानेच करावे लागते.

बीड जिल्ह्यातील धारूर हे बालाघाट डोंगररांगेतील तालुक्याचे ठिकाण. तेलगावकडून येणारा रस्ता तेथे घाटाने वर चढतो. अशा मुलखात प्रवासी व माल यांची वाहतूक करणाऱ्या जीपगाड्यांच्या मागील आसावर पोलादी पाट्यांच्या कमानी असतात. बोलेरो (२०००) या गाडीत पुढील चाकांना स्वतंत्र निलंबन आले, तरी मागे पाटेच राहिले. अरुंद रस्त्यावर समोरच्या वाहनास वाट देताना डावी चाके साइडपट्टीवर उतरतात व डाव्या पाट्यांना हादरे अधिक बसतात. डावीकडे झुकलेली, भरलेली गाडी उजव्या वळणावर आणखी त्याच बाजूस कलते आणि तिचा तोल जाण्याचा धोका वाढतो.

मापनापूर्वी गाडी रिकामी करून दोन्ही टायरांचे माप व हवेचा दाब सारखा असल्याची खात्री करतात. गाडी थोडी पुढेमागे चालवून थांबवावी, म्हणजे पाट्यांमधील घर्षणाने अडकलेली उंची मोकळी होते. नंतर आसाच्या नळीपासून सांगाड्यापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंस मोजतात. चाकावरील पत्र्याच्या कडेपासून घेतलेले माप फसवे असते. कमानींमधील अंतर १ मी. व पत्र्याच्या कडांमधील अंतर १·५ मी. असेल, तर कमानींपाशी असलेला १ सेंमी. फरक कडेला १·५ सेंमी. दिसतो, शिवाय पत्रा वाकलेला असू शकतो.

पुढील डावी कमान खचली, तर सगळा सांगाडा डावीकडे कलतो आणि मागील निर्दोष डाव्या कमानीवर भार वाढून तीही दबते. हा घोळ सोडविण्यासाठी मागील चाकांना अडण लावून सांगाड्याच्या पुढील आडव्या तुळईच्या मध्याखाली जॅक लावतात व पुढील चाके जमिनीपासून सुटेपर्यंत गाडी उचलतात. पुढे आधार एकाच बिंदूवर राहिल्याने पुढील कमानींचा प्रभाव नाहीसा होतो. मागील भाग आता समपातळीत आला, तर दोष पुढे आहे. झुकाव टिकला, तर मागे. नुसत्या जॅकच्या आधारावर गाडीखाली शिरू नये.

दोष मागे असल्यास डाव्या-उजव्या कमानींची अदलाबदल करून पाहतात. झुकाव कमानीबरोबर बाजू बदलत असेल, तर पाटे खचलेले वा तुटलेले असतात. जागीच राहिला, तर सांगाडा वाकलेला किंवा पाण्याची टाकी, अवजारे यांसारखा कायमचा भार एकाच बाजूस असल्याचे समजावे. पाटा बहुधा मधल्या बोल्टच्या छिद्रापाशी तुटतो, कारण तेथे त्याचा छेद कमी झालेला असतो. पाट्याची ताठरता जाडीच्या घनाच्या प्रमाणात असते. झिजेने जाडी दहा टक्के घटली, तरी ताठरता सुमारे सत्तावीस टक्क्यांनी कमी होते. मधला बोल्टच तुटल्यास आस मागेपुढे सरकतो. म्हणून पुढील व मागील चाकांच्या मध्यांतील अंतरही दोन्ही बाजूंस ताडून पाहणे आवश्यक असते. शॅकल गंजून अडकले असेल, तर चांगली कमानही पूर्ण खुलत नाही.

झुकाव दिसताच शॉक ॲब्सॉर्बर बदलण्याची प्रथा रूढ आहे. ती बहुतांशी निरुपयोगी होय. साधा द्रवचलित शॉक ॲब्सॉर्बर कमानीची आंदोलने शमवितो, भार पेलत नाही. त्याचप्रमाणे खचलेला पाटा लोहाराच्या भट्टीत तापवून नुसता वाकविल्यास पोलादाचे पाणी उतरते आणि तो थोड्याच दिवसांत पुन्हा बसतो. त्यास योग्य तापमानावरून तेलात विझवून पुन्हा बेताने तापवावे लागते. तुटलेला मुख्य पाटा वितळजोडाने सांधणे तर धोक्याचे असते, कारण भाराबरोबरच आसास जागेवर धरण्याचे कामही तोच करतो. नवी कमान बसविताना दोन्ही बाजूंची एकदम बदलावी आणि यू-बोल्टचे नट काही अंतर गाडी चालविल्यावर पुन्हा आवळावेत.