मंगळावरील रात्र आणि यंत्राची ऊब

यंत्राला थंडी बाधते, ही कल्पना प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. संगणकाच्या खोलीत आपण वातानुकूलन बसवतो ते उष्णता घालवण्यासाठी. मग उणे ९० अंश सेल्सिअसच्या मंगळावरील रात्रीत ही यंत्रे अधिकच सुखात राहावीत, असे कोणी म्हणेल. वस्तुतः सिलिकॉनची चिप स्वतः पुष्कळ थंडी सोसते. दगा देतात ते तिचे सोबती. चिप, सर्किट बोर्ड आणि त्यांना जोडणारा डाख हे निरनिराळ्या प्रमाणात आकुंचन पावतात. रात्री आकसणे व दिवसा प्रसरणे असे शेकडो वेळा घडले की डाखाचे बारीक सांधे तडकतात. बॅटरीची गोष्ट आणखी नाजूक. तिच्यातील द्रव गारठला की ती वीज देईनाशी होते आणि त्या स्थितीत ती भरू जाणे तिच्या मुळावरच येते.

तेव्हा ऊब हवी. पण ती आणायची कोठून? १९७० साली चंद्रावर उतरलेल्या सोव्हिएत लुनोखोद-१ या गाडीत पोलोनियमची किरणोत्सारी शेगडी होती आणि रात्र झाली की गाडी आपले झाकण मिटून घेई. मंगळावर १९९७ मध्ये गेलेल्या सोजर्नरचे बोर्ड एरोजेल या अतिशय हलक्या निरोधकाच्या पेटीत ठेवले होते; सोबत प्लुटोनियमच्या तीन गुटिका, प्रत्येकी सुमारे १ वॅट उष्णतेच्या. आपल्या घरातील ‘झिरोचा’ दिवासुद्धा याहून अधिक तापतो!

२०२१ मध्ये मंगळावर उडालेल्या, अवघ्या १.८ किलोच्या इंजेन्युइटी हेलिकॉप्टरला अशी गुटिकाही नव्हती. सूर्यापासून मिळवलेल्या विजेचा बहुतांश भाग रात्री हीटरच गिळत. मे २०२२ मध्ये हिवाळा जवळ आला, हवेत धूळ वाढली, रात्री बॅटरी रिती झाली, घड्याळ चुकले आणि संपर्क तुटला. तो पुन्हा जुळल्यावर अभियंत्यांनी निर्णय घेतला, तो मला फार धाडसाचा वाटतो. बॅटरी उणे १५ अंशांखाली गेली की हीटर चालू होत. ते आता उणे ४० अंशांपर्यंत चालू करायचे नाहीत, असे ठरले. म्हणजे वीज राखण्यासाठी बोर्ड गारठू द्यायचे. ते टिकले. जानेवारी २०२४ पर्यंत ७२ उड्डाणे झाली आणि अखेर झाली ती पात्यांच्या मोडतोडीने, थंडीने नव्हे.

आपल्या चंद्रयान-३ च्या विक्रम व प्रज्ञान यांचे नियोजित आयुष्य एका चांद्रदिवसाचे, म्हणजे सुमारे १४ दिवसांचे होते. रात्र काढण्याची शेगडी त्यांना दिलेली नव्हती. ते काम पुरे झाले असल्याने याला अपयश म्हणणे अन्यायाचे होईल. सप्टेंबर २०२३ च्या आरंभी दोघांना निद्रिस्त केले, तेव्हा प्रज्ञानची बॅटरी पूर्ण भरलेली होती आणि त्याची सौरपट्टी पुढील सूर्योदयाकडे वळवून ठेवली होती. सूर्य उगवल्यावर, २२ सप्टेंबरला, दोघांना साद घालण्यात आली. उत्तर आले नाही.