जागतिक प्रदर्शनाचे रंग आणि कोल्हापूरच्या फिती

वेस्टिंगहाउस या अमेरिकी विद्युत कंपनीने १९३९ साली ‘द मिडलटन फॅमिली ॲट द न्यूयॉर्क वर्ल्ड्स फेअर’ नावाचा सुमारे ५५ मिनिटांचा रंगीत बोलपट काढला. त्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये भरलेल्या जागतिक प्रदर्शनातील आपल्या दालनाची आणि मालाची जाहिरात करणे हा त्याचा उघड हेतू होता. इंडियाना राज्यातील एक कुटुंब प्रदर्शन पाहायला येते, सात फूट उंचीचा ‘इलेक्ट्रो’ हा यंत्रमानव चालताना आणि तबकड्यांवर मुद्रित केलेल्या आवाजात बोलताना पाहते, भांडी घासण्याच्या यंत्राची हातांशी लावलेली शर्यत पाहते आणि येणारा काळ विजेचा आहे असा विश्वास घेऊन परतते, एवढेच त्याचे कथानक आहे. तरीही अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत, म्हणजे सांस्कृतिक वारसा म्हणून जतन करण्याच्या चित्रपटांच्या यादीत, २०१२ साली या जाहिरातपटाचा समावेश झाला. कारखान्याने स्वतःच्या गरजेसाठी काढलेली फीत सात दशकांनंतर इतिहासाचे साधन ठरते, ती मुख्यतः ती फीत शिल्लक राहिली म्हणून. आणि फीत शिल्लक राहणे ही प्रथमतः रसायनशास्त्राची गोष्ट आहे.

हा बोलपट टेक्निकलर पद्धतीने रंगवलेला होता. या पद्धतीच्या कॅमेऱ्यात भिंगामागे बसवलेला लोलक प्रकाशाचे दोन भाग करी. एक भाग हिरव्या गाळणीतून एका फितीवर पडे; दुसरा भाग एकमेकींना चिकटवून ठेवलेल्या दोन फितींवर पडून त्यांतील पुढची निळा आणि मागची तांबडा प्रकाश टिपे. अशा रीतीने मिळणाऱ्या तिन्ही मूळ प्रती कृष्णधवलच असत, कारण त्यांवर रंग नसून त्या त्या रंगाच्या प्रकाशाचे प्रमाण धातुरूप चांदीच्या कणांत नोंदलेले असे. पुढे प्रत्येक मूळ प्रतीवरून जिलेटिनचा उंचसखल ठसा तयार केला जाई. तांबड्या, हिरव्या आणि निळ्या नोंदींचे हे तीन ठसे अनुक्रमे निळसर-हिरव्या, किरमिजी आणि पिवळ्या रंगद्रव्यात भिजवून एकाच कोऱ्या फितीवर एकामागून एक दाबले जात, म्हणजे कापडावर तीन साच्यांनी छपाई करावी तसे. येथे रंग फितीतच रासायनिक क्रियेने घडवायचा नसल्यामुळे टिकाऊ रंगद्रव्ये निवडण्याची मोकळीक छापणाऱ्याला होती, आणि म्हणूनच त्या काळच्या टेक्निकलर प्रतींचे रंग आजही भरदार दिसतात.

याउलट १९५० नंतर रुळलेल्या ईस्टमनकलरसारख्या पद्धतीत तिन्ही थर एकाच फितीवर असत आणि फीत धुताना रंग त्या थरांतच तयार होत. ही सोय मोठी होती, कारण साध्या कॅमेऱ्याने रंगीत चित्रण करता येऊ लागले. पण त्या काळच्या या फितींतील निळसर-हिरवे रंगद्रव्य अंधारात ठेवले तरी हळूहळू विघटित होते. साठ-सत्तरच्या दशकांतील कितीतरी चित्रपटांच्या प्रती आज सरसकट गुलाबी-तांबूस दिसतात, त्याचे कारण हेच आहे.

रंगाचा हा प्रश्न कोल्हापूरला परका नव्हता. ‘पेंटर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आनंदराव आणि बाबूराव या मेस्त्री बंधूंनी चलच्चित्राचा कॅमेरा येथेच तयार करण्याचा ध्यास घेतला, आणि १९१६ साली आनंदरावांचे निधन झाल्यावर बाबूराव पेंटरांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने तो पुरा केला. अशा कॅमेऱ्यात फीत सलग सरकून चालत नाही. सेकंदाला सोळाच्या आसपास वेळा ती क्षणभर पूर्ण थांबली पाहिजे, त्या क्षणी झडप उघडून मिटली पाहिजे आणि मग पुढची चौकट नेमक्या तितक्याच अंतरावर ओढली गेली पाहिजे; यात केसभर चूक झाली तरी पडद्यावर चित्र थरथरते. ही अचूकता साधल्यावर बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० साली पडद्यावर आला. त्याच कंपनीत घडलेल्या व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर यांनी सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली आणि १९३३ साली ‘सैरंध्री’ पुन्हा, या वेळी रंगीत, काढण्याचे धाडस केले. त्याच्या प्रती जर्मनीत छापून घेतल्या. पण रंग मनाजोगते उतरले नाहीत.

त्या काळी साध्या कॅमेऱ्याने रंग टिपण्याचा व्यवहार्य मार्ग दोन फिती समोरासमोर जोडून चालवण्याचा होता. पुढची फीत निळा-हिरवा आणि मागची तांबडा प्रकाश टिपी, आणि प्रतीच्या एका अंगाला निळसर तर दुसऱ्या अंगाला नारिंगी छटा दिली जाई. दोनच रंगांच्या मिश्रणातून शुद्ध पिवळा किंवा जांभळा निघणे शक्य नाही, तिसरी नोंद असल्याशिवाय पैठणीचे रंग पडद्यावर पैठणीसारखे दिसणार नाहीत. ही मर्यादा ‘प्रभात’च्या कौशल्याची नव्हती, पद्धतीची होती, आणि हा भेद लक्षात न घेता त्या प्रयोगावर अपयशाचा शिक्का मारणे अन्यायाचे आहे. कोल्हापुरातच जन्मलेल्या शांताराम यांनी बावीस वर्षांनी ‘झनक झनक पायल बाजे’ (१९५५) टेक्निकलरमध्ये काढला, तेव्हा त्यांना हवा तो रंग अखेर मिळाला.

रंग टिकला तरी तो ज्यावर छापला आहे ती फीत टिकेलच असे मात्र नाही. पन्नासच्या दशकापर्यंत व्यावसायिक चित्रपटांची फीत सेल्युलोज नायट्रेटची असे. हे द्रव्य बंदुकीच्या कापसाचे भाऊबंद आहे; जळण्यासाठी लागणारा ऑक्सिजन त्याच्या रेणूतच असल्यामुळे एकदा पेटलेली नायट्रेटची फीत पाण्याखालीही जळत राहते. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले आणि त्यांतील जेमतेम तीसच्या आसपास, तेही पुष्कळदा तुकड्यांत, उरले. काही जळाले, काही कुजले, काही फितीतली चांदी काढण्यासाठी मोडीत गेले. गांधीहत्येनंतरच्या १९४८ च्या दंगलीत कोल्हापूरचा जयप्रभा स्टुडिओ जाळला गेला, आणि ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात, पुढे तेथे हललेल्या ‘प्रभात’च्याच जुन्या आवारात, नायट्रेट फितींच्या कोठाराला आग लागून जुन्या चित्रपटांचा मोठा साठा नष्ट झाला. ज्या गावाने कॅमेरा घडवला त्या गावाच्या पहिल्या चित्रांचे इतके थोडे अवशेष हाती असावेत, हे नुकसान आकड्यांत मोजता येण्याजोगे नाही.

नायट्रेटच्या जागी आलेली सेल्युलोज ॲसिटेटची ‘सुरक्षित’ फीत सहजासहजी पेट घेत नाही, परंतु उष्ण आणि दमट हवेत तिच्यातील ॲसिटेटचे गट सुटून ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधील आम्ल, तयार होते. हेच आम्ल पुढील विघटनाला वेग देते, म्हणून एकदा सुरू झालेली क्रिया स्वतःच स्वतःला ढकलत राहते. फीत आक्रसते, वाकते, ठिसूळ होते. सह्याद्रीच्या पायथ्याजवळील कोल्हापूरसारख्या गावात, जेथे पावसाळाभर भिंती ओलावा धरतात, पत्र्याच्या घट्ट डब्यात ठेवलेली फीत सर्वांत लवकर बिघडते, कारण सुटलेले आम्ल डब्यातच कोंडते.

न्यूयॉर्कच्या त्या प्रदर्शनाच्या जागी वेस्टिंगहाउसने २३ सप्टेंबर १९३८ रोजी जमिनीत ५० फूट खोल पुरलेल्या कालकुपीत आतल्या वस्तू अशा बिघडू नयेत याची काळजी घेतलेली दिसते. पाच हजार वर्षांनी, ६९३९ साली उघडायच्या त्या कुपीचे कवच तांब्यात थोडे क्रोमियम आणि चांदी मिसळून केलेले आहे. आतल्या काचेच्या नळीतून हवा काढून तिच्या जागी नायट्रोजन हा निष्क्रिय वायू भरला आहे, म्हणजे ऑक्सिजन या शत्रूला मज्जाव झाला. आत सूक्ष्मफितीवर २२ हजारांहून अधिक पाने आहेत आणि एक वार्तापटही आहे. असे कवच न लाभलेला असला, तरी कोल्हापुरातील एखाद्या जुन्या वाड्याच्या माळ्यावर आजही फितीचा डबा सापडू शकतो. तो उघडताच व्हिनेगरचा आंबूस वास आला, तर ती फीत यंत्रावर न चढवता इतर फितींपासून वेगळी, थंड आणि कोरड्या जागी ठेवावी आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला लवकरात लवकर कळवावे.