हाक देण्याआधीची तयारी

६ मे २०२५ च्या आदेशाने केंद्र सरकारने लष्करप्रमुखांना प्रादेशिक सेनेतील प्रत्येक अधिकारी व जवानाला बोलावण्याचा अधिकार दिला आणि ३२ पायदळ पलटणींपैकी १४ सेवेत घेण्यास मंजुरी दिली. कोल्हापूरला ही बातमी दूरची नव्हती. मराठा लाइट इन्फन्ट्रीची प्रादेशिक सेनेतील (टीए) १०९ वी पलटण इथलीच, आणि शिरोळ तालुक्यातील टाकळी तर सैनिक टाकळी म्हणूनच ओळखली जाते. अशा जिल्ह्यात हाकेला ओ देणारे कमी पडणार नाहीत. तरीही युद्धात खरी कामाला येते ती शांततेत राखलेली तयारी. १९४८ च्या कायद्याने उभी राहिलेली प्रादेशिक सेना याच विचारावर चालते. माणूस एरवी आपली नोकरी-धंदा सांभाळतो, ठरलेल्या काळात सराव करतो आणि बोलावणे आले की गणवेश चढवतो. १९६२, १९६५ आणि १९७१ मध्ये या सेनेने काम केले, ते याच बळावर.

माजी सैनिक शिकलेलाच असतो, त्याला वेगळा सराव कशाला, असे कोणी म्हणेल. शिस्त आणि धीर टिकतात हे खरे. पण शस्त्रे, संदेशयंत्रणा आणि आता ड्रोन काही वर्षांत बदलतात, शरीरही थकते. म्हणून सर्वांना आघाडीवर धाडण्याचा विचार सोडून पहारा, वाहतूक, दुरुस्ती आणि नवख्यांचे प्रशिक्षण यांसाठी त्यांची नोंद कौशल्यानुसार ठेवायला हवी. छत्रपती संभाजीनगरच्या १३६ व्या इको पलटणीत माजी सैनिक झाडे लावतात, तीही देशसेवाच आहे. कुशल कामगारांबाबतचा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतला मोल्डर किंवा सीएनसी चालवणारा सीमेवर गेला, तर सुटे भाग कोण करणार? ब्रिटनने दुसऱ्या महायुद्धाआधीच राखीव व्यवसायांची यादी केली होती. तरीही खाणकामगार इतके घटले की १९४३ च्या डिसेंबरपासून सैन्यभरतीच्या तरुणांपैकी साधारण दहातला एक चिठ्ठी काढून कोळसा खाणीत पाठवावा लागला. कोणाला बोलवायचे नाही, हेही आधीच ठरलेले असावे लागते.

राहिला छोटा कारखानदार. सेवेवर बोलावलेल्या प्रादेशिक सैनिकाला परत कामावर घेण्याचे बंधन कायदा मालकावर घालतो, आणि ते योग्यच आहे. पण दहा माणसांच्या वर्कशॉपमधून एक कसबी गेला की ऑर्डर अडते. त्या काळातल्या बदली कामगाराचा खर्च सरकारने वाटून घ्यावा. देशाच्या रक्षणाचा भार एकट्या त्या मालकावर टाकणे न्यायाचे नाही.