घरातलं नेटवर्क, भाग ९ : माडीवरचा जुना संगणक

भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांतल्या (वेल्ह्याचं नाव आता राजगड तालुका झालं आहे) पुष्कळ घरांत दोन काळांतले संगणक एकाच वेळी चालू असतात. मुलांसाठी घेतलेला विंडोज १० किंवा ११ चा लॅपटॉप खाली सोप्यात, आणि माडीवर टेबलावरचा जुना, विंडोज ७ चा, क्वचित एक्सपीचा. २००१ मध्ये एमएस-सीआयटी सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत गावोगावी घरात संगणक आले, त्यांतलेच हे. ते टाकवत नाहीत, कारण त्यांच्या डिस्कवर भातगिरणीचे जुने हिशेब आहेत, बहिणीच्या लग्नाचे फोटो आहेत, श्रीलिपीत टाइप केलेल्या पत्रिका आणि अहवाल आहेत. हे सगळं लॅपटॉपवर आणावं म्हणून माडीवरचं फोल्डर शेअर केलं जातं, आणि लॅपटॉप सांगतो, नेटवर्क पाथ सापडत नाही.

यावर ओळखीपाळखीतून मिळणारा सल्ला बहुधा एकच असतो : ‘एसएमबी-१ चालू करा.’ हा सल्ला बहुतेक घरांत निरुपयोगी आहे आणि सगळ्याच घरांत धोक्याचा. त्याचा हिशेब आजच्या भागात करूच. पण आधी भिंती बघू, कारण बिघाड बऱ्याचदा तिथेच असतो.

भोर ही पंतसचिवांच्या संस्थानाची राजधानी. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं, वाडे राहिले. दगड, विटा आणि मातीच्या जाड भिंतींतून वाय-फाय जेमतेम पलीकडे जातं. त्यातही पाच गिगाहर्ट्झचा पट्टा २.४ च्या मानाने लवकर दम तोडतो. वेल्ह्याकडे छपराला पत्रा असला तर माडीवर आणखी कठीण. मग घरातला कुणीतरी जुना राउटर कपाटातून काढतो, खालच्या राउटरमधून वायर वर नेतो आणि माडीवर दुसरं वाय-फाय उभं करतो. इंटरनेट लगेच चालू होतं, सगळे खूश. फाइल शेअरिंग मात्र त्या दिवसापासून बंद.

झालेलं असतं असं. वर नेलेली वायर जुन्या राउटरच्या ‘वॅन’ लिहिलेल्या खोबणीत घातली, की तो राउटर माडीवर स्वतःचं वेगळं नेटवर्क तयार करतो. खालच्या लॅपटॉपचा पत्ता १९२.१६८.१ ने सुरू होणारा, वरच्या संगणकाचा १९२.१६८.० ने. वरच्या संगणकातून खालच्याकडे वाट असते, पण खालून वर येणाऱ्याला दुसरा राउटर दारातच थांबवतो. म्हणून ‘एका बाजूने मिळतं, दुसऱ्या बाजूने मिळत नाही’ अशी तक्रार कानावर आली, की मी आधी विचारतो, घरात राउटर किती आहेत? दोन्ही राउटरांचा मूळ पत्ता एकच निघाला तर गोंधळ याहून मोठा होतो आणि कधी इंटरनेटही बंद पडतं.

ओळखायचं सोपं आहे. दोन्ही संगणकांवर स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करून काळी खिडकी उघडा आणि आयपीकॉन्फिग हा आदेश द्या. घरगुती राउटरवर आयपीव्ही-४ पत्त्याचे पहिले तीन आकडे दोन्हीकडे सारखे हवेत. नसतील तर माडीवरच्या राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ हा पर्याय निवडा. तो नसेल तर त्या राउटरला मोकळा असलेला एखादा पत्ता द्या, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२, त्याचं डीएचसीपी (पत्ते वाटण्याचं काम) बंद करा आणि खालून आलेली वायर ‘वॅन’मधून काढून ‘लॅन’च्या एखाद्या खोबणीत घाला. आता पत्ते वाटणारा घरात एकच राउटर उरतो आणि दोन्ही संगणक एकाच नेटवर्कात येतात. पाहुण्यांसाठी वेगळं ठेवलेलं ‘गेस्ट’ वाय-फाय लॅपटॉपवर लागलेलं असलं तरी फाइल शेअरिंग असंच बंद पडतं. त्या वाय-फायचं कामच पाहुण्याला घरच्या संगणकांपासून दूर ठेवायचं आहे.

पत्ता १६९.२५४ ने सुरू झाला तर त्याचा अर्थ, संगणकाला राउटरकडून पत्ता मिळालाच नाही. पावसाळ्यात हे वारंवार दिसतं. लाइट जाते, परत येते, संगणक आणि राउटर एकदम सुरू होतात आणि राउटर मागे राहतो. थोडं थांबून आयपीकॉन्फिगपुढे एक तिरकी रेघ आणि ‘रिन्यू’ एवढा आदेश पुरतो. तरीही पत्ता येत नसेल तर वायरचं टोक काढून पाहा. तोरण्याच्या पायथ्याच्या दमट हवेत त्या टोकातल्या धातूच्या पट्ट्या काळ्या-हिरव्या पडतात, आणि नवं टोक लावून घेणं काही महाग नाही.

लाइट गेल्या-आल्याचा आणखी एक परिणाम असा, की राउटर पुढच्या वेळी निराळा पत्ता देऊ शकतो. काल १९२.१६८.१.५ वर सापडणारं फोल्डर आज सापडत नाही आणि दोष जुन्या संगणकाच्या माथी येतो. राउटरच्या डीएचसीपी सेटिंगमध्ये त्या संगणकासाठी एक पत्ता राखून ठेवता येतो. ज्या घरात फाइली नेहमी इकडून तिकडे जातात तिथे हे काम पहिल्याच दिवशी करावं.

पत्ते जुळले, तरी लॅपटॉपच्या ‘नेटवर्क’ खिडकीत जुना संगणक दिसेलच असं नाही. दिसू दे न दिसू दे, त्या खिडकीवर विसंबू नका. पूर्वी ती यादी ज्या व्यवस्थेने भरली जायची ती एसएमबी-१ वर उभी होती आणि नव्या विंडोजमध्ये ती गेली. फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि त्यांना लागून जुन्या संगणकाचा आयपी पत्ता टाइप करा. फोल्डर उघडलं तर काम झालं. डेस्कटॉपवर त्याचा शॉर्टकट ठेवा.

उघडलं नाही तर नेटवर्क ‘पब्लिक’ आहे की ‘प्रायव्हेट’ ते दोन्हीकडे पाहा (विंडोज ७ मध्ये प्रायव्हेटच्या जागी ‘होम’ किंवा ‘वर्क’). राउटर बदलला किंवा वाय-फायचं नाव बदललं, की विंडोज त्या नेटवर्कला अनोळखी धरतं आणि पब्लिकच्या खात्यात टाकतं. मग फायरवॉल शेअरिंगची वाट बंद करतं. मुदत संपलेला अँटिव्हायरसही कधी कधी स्वतःचं फायरवॉल तसंच चालू ठेवून बसलेला असतो. तो रीतसर काढून टाका, विंडोजचं फायरवॉल ठेवा. पिंग केल्यावर उत्तर आलं नाही एवढ्यावरून वायर तुटली असं समजू नका, कारण फायरवॉल पिंगलाही अडवतं. राउटरला पिंग करून पाहा. तो उत्तर देतो.

यानंतर पासवर्ड, आणि इथे माणसं फार हैराण होतात. लॅपटॉप नाव आणि पासवर्ड विचारतो तेव्हा उत्तर त्या संगणकाचं द्यायचं असतं, ज्यावर फाइली आहेत. लॅपटॉप उघडण्याचा चार आकडी पिन नेटवर्कवर चालतच नाही, तो त्या एका यंत्रापुरता असतो. माडीवरच्या संगणकाला कधी पासवर्डच ठेवलेला नसेल, तर विंडोज कोऱ्या पासवर्डच्या खात्याला नेटवर्कवरून आत घेत नाही. म्हणून जुन्या संगणकावर फक्त शेअरिंगसाठी एक वेगळं खातं काढा, नाव साधं, इंग्रजी अक्षरांत, पासवर्ड पक्का; आणि फोल्डरच्या ‘शेअरिंग’ व ‘सिक्युरिटी’ या दोन्ही ठिकाणी त्या खात्याला परवानगी द्या. दोन्हींपैकी जी परवानगी कडक असते तीच लागू होते, त्यामुळे एकाच ठिकाणी देऊन भागत नाही. आधी चुकीचा पासवर्ड साठवला गेला असेल तर लॅपटॉपच्या ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मधून तो पुसा.

पासवर्डाशिवाय शेअर करण्याची जुनी सवय आता सोडायलाच हवी. विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून प्रो प्रकारात प्रत्येक जोडणीवर डिजिटल सही मागितली जाते आणि पाहुणा म्हणून मिळणारा प्रवेश बंद झाला आहे. ‘अपडेट आलं आणि शेअरिंग गेलं’ असं ज्यांना वाटतं, त्यांच्यातल्या अनेकांचं फोल्डर बिनपासवर्डाचं असतं.

आता एसएमबी-१.

विंडोज संगणक एकमेकांना फाइली देतात ते एसएमबी या पद्धतीने. तिचं मूळ १९८० च्या दशकात आयबीएममध्ये आहे. एक्सपीला तिची फक्त पहिली आवृत्ती येते. दुसरी आवृत्ती व्हिस्टाबरोबर आली, म्हणजे विंडोज ७ ला ती येतेच. हे नीट लक्षात घ्या : माडीवरचा संगणक विंडोज ७ चा असेल तर एसएमबी-१ ची काहीही गरज नाही. ते चालू करून बिघाड दुरुस्त झाला असं कुणी सांगितलं, तर त्या खटपटीत दुसरं काहीतरी दुरुस्त झालेलं असतं, बहुधा पब्लिक-प्रायव्हेट किंवा पासवर्ड. धोका मात्र कायमचा उघडा राहतो.

धोका किती मोठा, ते २०१७ मध्ये दिसलं. १२ मे रोजी वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस पसरला आणि दीडशे देशांतल्या दोन लाखांहून अधिक संगणकांमध्ये घुसला. तो शिरला एसएमबी-१ मधल्या एका भगदाडातून. मायक्रोसॉफ्टने त्यावरचा उपाय मार्चमध्येच दिला होता, पण असंख्य संगणकांवर तो बसवलेला नव्हता. एक्सपीचा आधार २०१४ मध्येच संपलेला असूनही कंपनीने तेव्हा एक्सपीसाठी मुद्दाम दुरुस्ती काढली. पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, त्याच भगदाडाचा वापर करणारा नॉटपेट्या आला आणि उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातलं मर्स्क समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. मूळ हल्ला युक्रेनमधल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून सुटला होता. थांबले आपल्या किनाऱ्यावरचे कंटेनर. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून नव्याने बसवलेल्या विंडोज १० मध्ये एसएमबी-१ मुळात चालू नसतं. घरातल्या फोटोंसाठी ते परत चालू करणं मला कधीच पटलेलं नाही.

मग एक्सपीतल्या फाइली काढायच्या कशा? एकदाच काढायच्या असतील तर नेटवर्कचा नाद सोडा. डिस्क बाहेर काढा आणि यूएसबीला जोडणाऱ्या अ‍ॅडॉप्टरने लॅपटॉपला लावा. जुनी डिस्क रुंद पट्टीची आयडीई आहे की साटा, ते पाहून अ‍ॅडॉप्टर घ्या. डिस्क काढायची भीती वाटत असेल, तर ३२ बिटांवर चालणारं हलकं लिनक्स सीडीवर किंवा पेन ड्राइव्हवर घेऊन संगणक त्यावरून सुरू करा. डिस्कवर काहीही न बसवता ते चालतं, एक्सपीच्या फाइली वाचतं आणि लॅपटॉपच्या शेअर केलेल्या फोल्डरशी एसएमबीच्या नव्या आवृत्तीतून बोलतं. हा मार्ग मला सर्वांत आवडतो. जुनं यंत्र हातच्या हात कामाचं होतं.

काही व्यवसायांत एक्सपी रोज लागतो. छपाईचं जुनं सॉफ्टवेअर त्याच्या डोंगलसकट फक्त तिथेच चालतं, आणि ते बदलण्याचा खर्च पत्रिका छापणाऱ्या छोट्या दुकानाला झेपत नाही. तिथे एसएमबी-१ टाळताच येत नसेल, तर ‘विंडोज फीचर्स’मध्ये त्याचा फक्त क्लायंट हा भाग नव्या संगणकावर चालू करा, सर्व्हर नको. फाइल नेहमी नव्या संगणकाने एक्सपीकडून मागून घ्यायची. एक्सपीवर ती २०१७ ची दुरुस्ती बसवा आणि राउटरमधून त्याचं इंटरनेट पूर्ण तोडा.

फाइली आल्या, उघडल्या, आणि मराठीच्या जागी चित्रविचित्र इंग्रजी अक्षरं दिसली की घरात हाहाकार होतो. फाइल बिघडलेली नाही. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी किंवा सी-डॅकचं आयएसएम यांत टाइप केलेला मजकूर त्या त्या फॉन्टच्या आधाराने साठवलेला असतो. फॉन्ट नसेल तर नुसते संकेत उरतात. म्हणून मजकुराबरोबर जुन्या संगणकातले ते फॉन्टही आणा, आणि मूळ फाइल तशीच ठेवून तिची युनिकोडमध्ये रूपांतरित केलेली प्रत वेगळी ठेवा. उलट्या दिशेने, लॅपटॉपवर देवनागरीत नाव दिलेली फाइल एक्सपीवर चौकोन दाखवू शकते, कारण भारतीय लिप्यांची सोय तिथे वेगळी चालू करावी लागे. तिकडे न्यायच्या फाइलींना इंग्रजी नावं द्या.

वेळेचा अंदाज असू द्या. शंभर मेगाबिटच्या वायरवरून सेकंदाला अकरा-बारा मेगाबाइट जातात, म्हणजे चाळीस जीबी फोटोंना साधारण एक तास, बारीक फाइली खूप असतील तर जास्त. जुन्या ५४ मेगाबिटच्या वाय-फायवर तेवढ्यालाच चारेक तास लागतात, आणि तेवढा वेळ आषाढात लाइट टिकेलच असं नाही. म्हणून वायरच लावा आणि एकेक फोल्डर न्या. लग्नाचा व्हिडिओ चार जीबीहून मोठा असेल तर फॅट-३२ मधला पेन ड्राइव्ह तो घेणार नाही. एनटीएफएस असलेल्या डिस्कवर नेटवर्कवरून तो सहज जातो.

जुन्या संगणकाची तारीख मात्र आधी तपासा. मदरबोर्डवरची सीआर-२०३२ ही नाण्याएवढी बॅटरी संपली असेल, तर प्रत्येक वेळी लाइट गेली की तारीख कित्येक वर्षं मागे जाते, काल साठवलेला हिशेब जुना दिसतो, आणि ‘नवी फाइल ठेवू की जुनी’ या प्रश्नाला दिलेलं उत्तर चांगली फाइल पुसून टाकू शकतं. शंका असेल तर दोन्ही ठेवा. नकल पूर्ण झाल्यावर फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये फाइलींची संख्या आणि एकूण बाइट दोन्हीकडे जुळवा, चार-पाच फाइली उघडून पाहा, आणि आणखी एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. हे होईपर्यंत माडीवरच्या संगणकातलं काहीही पुसू नका.

पुढच्या आठवड्यात याच दोन संगणकांना एक प्रिंटर जोडू.