परदेशी शिक्षणाची वाट – भाग ५ : ९९२ युरोंचा महिना

गेल्या आठवड्यात आपण जर्मन विद्यापीठाचे प्रवेशपत्र हाती येईपर्यंतचा प्रवास पाहिला. आता त्यापुढचा टप्पा, विद्यार्थी व्हिसा. कागदपत्रांची यादी जर्मन दूतावासाच्या संकेतस्थळावर मिळते आणि ती वेळोवेळी बदलते, म्हणून ती इथे उतरवून घेत नाही. त्या यादीतल्या दोन गोष्टी मात्र नीट समजून घ्यायला हव्यात. एकीला वेळ लागतो, दुसरीला पैसा.

वेळ लागतो तो एपीएस प्रमाणपत्राला. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतातून पदवी किंवा पदव्युत्तर शिक्षणासाठी जाणाऱ्यांना ते बंधनकारक झाले. दिल्लीतले एपीएस कार्यालय तुमच्या गुणपत्रिका आणि पदवी खरी आहे का, तिच्या आधारावर जर्मनीत प्रवेश मिळू शकतो का, हे तपासते. शुल्क १८,००० रुपये. अनेक विद्यापीठे प्रवेशअर्जासोबतच हे प्रमाणपत्र मागतात. त्यामुळे प्रवेश मिळाला की बघू, असे म्हणणाऱ्यांचे एक सत्र सहज हातचे जाते. शेवटच्या वर्षाला असतानाच त्याची तयारी सुरू करा.

आता पैसा. मध्यमवर्गीय घराला सर्वाधिक धास्ती वाटते ती ‘ब्लॉक्ड अकाउंट’ची. सप्टेंबर २०२४ पासून या खात्यात वर्षाला ११,९०४ युरो भरावे लागतात. त्याआधी हा आकडा ११,२०८ होता. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर झाले जवळपास बारा लाख रुपये. ही रक्कम ऐकली की घरात पहिला प्रश्न येतो, ‘एवढी फी?’ ही फी नव्हे. हे पैसे तुमच्याच मुलाच्या किंवा मुलीच्या नावावर राहतात आणि तिथे पोचल्यावर दरमहा ९९२ युरो या हिशेबाने त्यांनाच परत मिळतात.

हा ९९२ चा आकडा कुणी सहज ठरवलेला नाही. गरजू जर्मन विद्यार्थ्यांना तिथले सरकार ‘बाफ्योग’ नावाचे साहाय्य देते. आईवडिलांपासून वेगळा राहणारा आणि स्वतःचा विमा स्वतः भरणारा विद्यार्थी असेल, तर या साहाय्याची कमाल मर्यादा अशी: रोजच्या गरजांसाठी ४७५ युरो, घरभाड्यासाठी ३८०, आरोग्य व शुश्रूषा विम्यासाठी १३७. बेरीज बरोबर ९९२. व्हिसाचा नियम याच रकमेशी बांधलेला आहे. आपल्या विद्यार्थ्याला जगायला जेवढे लागते असे जर्मन सरकार मानते, तेवढे तुमच्याकडे आहे का, एवढेच ते विचारते. म्हणून बाफ्योगची रक्कम वाढली की ब्लॉक्ड अकाउंटचाही आकडा वाढतो. अर्ज करण्याआधी त्या वेळचा आकडा तपासून घ्या.

ही बेरीज समजली की तिच्यातल्या उणिवाही दिसतात. म्युनिकसारख्या शहरात ३८० युरोंत खोली मिळणे दुरापास्त आहे. केम्निट्स, माग्डेबुर्ग, इल्मेनाऊ अशा पूर्वेकडच्या शहरांत, विशेषतः विद्यार्थी वसतिगृहात, ते जमू शकते. खासगी घर घेतले तर अनामत द्यावी लागते. कायद्याने ती मूळ भाड्याच्या तिपटीपेक्षा जास्त घेता येत नाही आणि भाडेकरूला ती तीन मासिक हप्त्यांत फेडण्याचा हक्क आहे. हा हक्क माहीत नसल्याने मुले पहिल्याच आठवड्यात सगळी रक्कम मोजून मोकळी होतात. शिवाय ब्लॉक्ड अकाउंटचा पहिला हप्ता विमानातून उतरल्या दिवशी मिळत नाही. आधी तिथल्या बँकेत चालू खाते उघडावे लागते, मगच पैसे सुटू लागतात. तोवरचे काही आठवडे खोली, जेवण आणि प्रवास यांसाठी वेगळी तजवीज हवी.

शिकवणी शुल्काबद्दलही गैरसमज आहे. बहुतेक सरकारी विद्यापीठांत ते नसते, हे खरे. पण बाडेन-वुर्टेंबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून दर सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. म्युनिकच्या तंत्र विद्यापीठानेही २०२४ च्या हिवाळी सत्रापासून असे शुल्क सुरू केले आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमांना ते सत्राला ४,००० ते ६,००० युरो इतके आहे. ब्लॉक्ड अकाउंटच्या ९९२ युरोंत हे शुल्क धरलेले नाही.

आपल्याकडे नातेवाइकांकडून, पतसंस्थेतून किंवा खासगी व्याजाने पैसे उचलून खात्यावर महिनाभर ‘बॅलन्स दाखवण्या’ची रीत आहे. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ती चालत नाही. व्हिसा मिळाला की ती रक्कम एकदम काढता येत नाही. सातबारा, घराचे मूल्यांकन किंवा इथली मुदत ठेव यांच्या भरवशावरही ही अट पुरी होत नाही. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, ही म्हण या खात्याला तंतोतंत लागू पडते. दुसरे मार्ग म्हणजे मान्यताप्राप्त शिष्यवृत्ती, किंवा जर्मनीत राहणाऱ्या कुणी तिथल्या कार्यालयात जाऊन खर्चाचे हमीपत्र देणे. हे हमीपत्र कायद्याने बांधून टाकणारे असते. म्हणून दूरच्या ओळखीवर ते मागू नये, आणि भिडेखातर देऊही नये.

‘तिकडे काम करून भागवेल की!’ हे वाक्य घरोघरी ऐकू येते. मार्च २०२४ पासून विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते. पूर्वी ही मर्यादा १२० आणि २४० होती. चार तासांपर्यंतचे काम अर्धा दिवस धरतात. विद्यापीठातच साहाय्यक म्हणून केलेले काम या मर्यादेत मोजत नाहीत. सवलत चांगली आहे. पण नवख्या शहरात, जर्मन भाषा जेमतेम येत असताना पहिल्याच महिन्यात काम मिळेल, यावर घराचा हिशेब मांडणे धोक्याचे आहे. नापास झालेल्या विषयांमुळे अभ्यासक्रम लांबला की खर्चाचे महिनेही वाढतात.

सर्वात मोठी चूक होते ती इथे: कुटुंब एका वर्षाची सोय करते, अभ्यासक्रम मात्र बहुधा दोन वर्षांचा असतो. निवास परवान्याचे नूतनीकरण करताना पुढच्या काळासाठी पैसे कुठून येणार, हे पुन्हा दाखवावे लागते. तेव्हा मूल एकटे असते आणि परीक्षा तोंडावर असते. म्हणून कर्जाची रक्कम ठरवताना दोन वर्षांचे २३,८०८ युरो डोळ्यांसमोर ठेवा. त्यातले दुसऱ्या वर्षाचे किती कामातून उभे राहू शकतील, याचा सावध अंदाज बांधा. बँकेतून घेतलेल्या शैक्षणिक कर्जाची रक्कम परदेशी पाठवताना टीसीएस हा कर कापला जात नाही, हेही बँकेत विचारून पक्के करा.

व्हिसा नाकारला गेलाच, तर पूर्वी दूतावासाकडे फेरविचाराची विनंती करता येत असे. १ जुलै २०२५ पासून ती सोय जगभर बंद झाली. आता नव्याने अर्ज करायचा किंवा बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात जायचे, एवढेच पर्याय आहेत. पहिलाच अर्ज निर्दोष असणे त्यामुळे पूर्वीपेक्षा कितीतरी महत्त्वाचे झाले आहे.

एजंटला आगाऊ रक्कम देण्याआधी या आठवड्यात एक काम करा. निवडलेल्या शहराचे भाडे, विमा, सत्रशुल्क आणि जेवण मांडून चोवीस महिन्यांचा तक्ता तयार करा, आणि तो मुलांनी आईबाबांसोबत बसून भरावा. कर्जाचे हप्ते पुढे ज्याला फेडायचे आहेत, त्याला ते आकडे आजच ठाऊक असले पाहिजेत.

पुढच्या आठवड्यात: जर्मनीत उतरल्यावरचे पहिले महिने. दोन आठवड्यांत करायची पत्ता-नोंदणी, त्यासाठी घरमालकाकडून घ्यायचे पत्र आणि निवास परवान्याचा अर्ज.