पोटाचा घेर आणि रक्तातली साखर



भाताची रोपे, खताची मात्रा, खोडकिडा यांची माहिती आपण या पत्रिकेत नेहमी वाचता. आजचा विषय शेत कसणाऱ्या माणसाच्या शरीराचा आहे. शेलू, नेरळ, कर्जत, खालापूर या पट्ट्यात "मी तर सडपातळ, मला कसली साखर?" असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. हातपाय काटकुळे, पण सदऱ्याची खालची बटणे ताणलेली! पोट सुटले की आपण म्हणतो, "सुख मानवलं." हे सुख जरा तपासून घ्या.

चरबी साठते कुठे?

चरबी दोन जागी साठते. एक कातडीखाली, म्हणजे मांड्या, कुल्ले, दंड इथे. दुसरी पोटाच्या आत, आतड्यांभोवती. कातडीखालची जागा म्हणजे घरातली कणगी समजा. भात कणगीत मावतो तोवर घर नीटनेटके. कणगी भरली, की उरलेला भात ओटीवर आणि चुलीपाशी पसरतो आणि घरात वावरणे कठीण होते. तसेच जादा चरबी कातडीखाली मावेनाशी झाली, की ती पोटात, यकृतात आणि स्नायूंत शिरते. मांडीवरची चरबी त्या मानाने निरुपद्रवी, पोटातली घातक. फ्रान्समधील डॉक्टर जाँ व्हाग यांनी हा फरक १९४७ सालीच दाखवून दिला होता.

साखर का वाढते?

जेवणातली साखर रक्तातून स्नायूंत पोचवायला इन्सुलिन लागते. ते स्वादुपिंडात तयार होते. राजनाल्यावर उन्हाळी भात करणाऱ्यांना हे लगेच कळेल. पाटाला पाणी आहे, पण खाचराचे तोंड गाळाने बुजले, तर पाणी आत शिरत नाही, पाटातच तुंबते. यकृतात आणि स्नायूंत साठलेली चरबी म्हणजे हा गाळ. इन्सुलिन असूनही त्याचे काम नीट होत नाही. यकृतही गरज नसताना रक्तात साखर सोडत राहते. मग स्वादुपिंड जास्त इन्सुलिन बनवते. काही वर्षे निभावते, पुढे ते थकते आणि मधुमेह होतो. जोडीला रक्तदाब आणि हृदयविकारही येतात.

आपल्याकडे हे जास्त का?

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर माता व त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळे सुमारे ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू बरेच कमी होते, पण चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. म्हणजे दिसायला बारीक, पण अंगात चरबीचा वाटा मोठा. पुढे २००४ साली डॉ. याज्ञिक यांनी इंग्लंडमधल्या एका डॉक्टर मित्राशी स्वतःची तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच होते. पण मित्राच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! म्हणून नुसत्या वजनकाट्यावर विसंबू नका.

सुतळीने मोजा

आपल्या उंचीएवढी सुतळी घ्या आणि दुमडून निम्मी करा. सरळ उभे राहा, श्वास सहज सोडा. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर ही निम्मी सुतळी पोटाभोवती गुंडाळा. टोके जुळली नाहीत तर सावध व्हा. टेप असेल तर पुरुषांचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत आणि स्त्रियांचा ८० च्या आत हवा.

काय करावे?

१) वयाची तिशी ओलांडली असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात उपाशीपोटी रक्त तपासून घ्या. साखर १०० ते १२५ असेल तर तो इशारा. १२६ किंवा जास्त असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने पुन्हा तपासणी करा.

२) पॉवर टिलर आला, मोटारसायकल आली, अंगमेहनत कमी झाली. लावणी-कापणी संपली तरी रोज अर्धा तास झपाझप चाला. काम करणारा स्नायू साखर लगेच ओढून घेतो.

३) ताटात भाताचा ढीग कमी करा. वालाची उसळ, डाळ, पालेभाजी वाढवा. कधी नाचणीची भाकरी खा.

४) दिवसभराच्या गोड चहाचे कप मोजा. फरसाण, वडापाव रोज नको. दारू आणि तंबाखू सोडा.

५) गरोदर बाईला दूध, फळे, हिरवी पालेभाजी आणि विश्रांती मिळू द्या. पुण्याच्या अभ्यासात हे पदार्थ जास्त खाणाऱ्या मातांची बाळे चांगल्या वाढीची आढळली.

६) मधुमेह असेल तर पायांची संवेदना कमी होऊ शकते. चिखलणी करून आल्यावर पाय धुऊन, पुसून तळवे पाहा. जखम अंगावर काढू नका. चालू औषध मनाने बंद करू नका.

मेहनतीचा उपयोग होतो का? चेन्नईत साखर वाढू लागलेल्या लोकांवर झालेला प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. सुमारे तीन वर्षांत, नेहमीप्रमाणे वागणाऱ्या १०० पैकी ५५ जणांना मधुमेह झाला. आहार आणि व्यायाम सांभाळणाऱ्यांत हा आकडा ३९ वर आला.

पीक हातचे गेले तर पुढच्या हंगामाची आशा असते. शरीराचे तसे नाही. तेव्हा आजच सुतळी काढा आणि घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचा घेर मोजा.