टोमॅटोचा भाव पडला, तर घरी सूप करा

सूप म्हटले की आपल्याला धान्य पाखडायचे सूप आठवते. हे मात्र पिण्याचे. टोमॅटोला गाडीभाडेही सुटत नसेल, तेव्हा सगळाच माल बांधावर फेकू नका. घरातल्या दात नसलेल्या म्हाताऱ्यांना, आजारातून उठलेल्यांना सूप द्या.

विजेच्या सूपयंत्रात अर्धा किलो टोमॅटो, एक गाजर, एक कांदा व तासभर भिजवलेली मूठभर मूगडाळ घाला. पाणी भांड्यावरच्या दोन खुणांच्या मध्येच ठेवा. कमी पडल्यास तळ करपतो, जास्त झाल्यास उतू जाते. सुमारे २५ मिनिटांत सूप शिजून घोटले जाते. १००० वॅटच्या यंत्राला अर्ध्या युनिटहून कमी वीज लागते. अर्थिंग नीट तपासून घ्या आणि धुताना विजेचा भाग पाण्यात बुडवू नका.

यंत्र नसले तरी अडत नाही. कुकर आणि रवी घरात आहेतच!